मूठ पाहुण्याकडे

१

लेक नीसे अकरा महिन्यांची असताना हिलेगोंट, म्हणजे हिले, एक नवस बोलली होती, आणि बोलताना ती रागात होती. नवस बोलताना मन लोण्यासारखं मऊ असावं, असं तिला आईने शिकवलं होतं. पण त्या आठवड्यात तिच्या मनात लोणी म्हणून काही राहिलं नव्हतं.

साथीचं साल होतं. हार्लेमच्या गल्ल्यांतून चार-चार घरांआड दाराला साथीची खूण म्हणून गवताची पेंढी टांगलेली. नीसे तापाने निळी पडलेली. आणि त्याच सोमवारी दुपारी अ‍ॅमस्टरडॅमच्या नावेतून हिलेचा धाकटा भाऊ लुबर्ट आला. बाकावर बसून, भिंतीला डोकं टेकवून आला. नावाडी सांगत होता की आम्हाला वाटलं झोपलाय, म्हणून अर्ध्या वाटेत कुणी हाक मारली नाही. धक्क्याला लागल्यावर कळलं, तो वाटेतच गेला होता.

लुबर्ट साखरेच्या कारखान्यात कढईवर होता. कढई कलंडली आणि उकळता पाक दोन्ही हातांवर कोपरापर्यंत आला. ज्याचे हात गेले त्याचं कढईवर काय काम? मालकाने त्याला दारापर्यंत आणून सोडलं, खिशात एक पाव घालायला लावला आणि आपल्या माणसांत जा म्हणून सांगितलं. तो पाव खिशातून अर्धा बाहेर आलेला होता. कडेला दातांचे दोन ओरखडे. बोटं चालत नव्हती, तर मनगटांत धरून खायचं बघितलं असावं त्याने.

धान्यवाल्याच्या माळ्यावर त्यांची प्रार्थना चाले, कारण त्यांच्या पंथाला रस्त्यावर देऊळ उघडायची मुभा नव्हती. तिथल्या मरियामाउलीपुढे हिले गुडघे टेकून बसली आणि दात आवळून म्हणाली, "माउली, ही एक ठेव मला. माझ्या चुलीवर शिजतंय तोवर माझ्या टेबलावर एक जागा राहील. दारातून घालवून दिलेल्या माणसाची. तो कोण, कुठला, मी विचारणार नाही."

नीसे राहिली. तेव्हापासून हिलेच्या टेबलावर रोज दुपारी एक जास्तीची कथलाची थाळी मांडली जाई. तिच्यात काळ्या पावाचा तुकडा, शेजारी सुरी. सुरीची मूठ टेबलाच्या काठाबाहेर चार बोटं आलेली. धड हात नसलेल्यालाही ती मनगटांत धरून उचलता यावी, म्हणून. जेवणं झाली की तो तुकडा दारात येईल त्याचा. कधी नावाडी, कधी मैदानात कापड वाळवणारी बाई, कधी लढाईतून एका पायाने परतलेला शिपाई. कुणीच आलं नाही तर स्पार्ने नदीतल्या बदकांचा. शेजारणी हसत. हिलेकडची बदकं आता खानदानी झाली, चिखलातलं काही खात नाहीत म्हणे.

२

हिलेचा नवरा यूस्त चितारी होता. जेवणाची मांडलेली टेबलं रंगवायचा. नवसाची तो आधी थट्टा करायचा. मग एका दुपारी जेवता जेवता थांबला आणि त्या मुठीकडे बघत बसला. खिडकीतून आलेल्या उजेडात मुठीची सावली टेबलाच्या कापडावर पडली होती आणि मूठ जशी काही हवेत पुढे आली होती. त्याने ती रंगवली. हार्लेमचे सगळेच चितारी सुरी तशी ठेवत, त्यात नवं काही नव्हतं. पण यूस्तला ती स्वतःच्या घरात सापडली होती, म्हणून त्याच्या चित्राच्या फळीवरची मूठ बघून लोकांचे हात खरोखरच पुढे होत.

नीसे सातव्या वर्षात होती तेव्हा, ऐन वसंतात, अ‍ॅमस्टरडॅमहून नावेने एक लाकडी पेटी आली. गवतात गुंडाळून आलेल्या एकेका वस्तूला यूस्त हात लावे आणि शीळ घाली. चांदीची, फुगीर पोटाची सुरई. शंखाला सोन्याचे पाय लावून केलेला पेला. निळ्या नक्षीचे चिनी वाडगे. खिशातलं घड्याळ. निळ्या कागदात गुंडाळलेला साखरेचा सुळका, हातभर उंच. पेटीमागून मालक आले. काळे कपडे, पांढरी कॉलर, आवाज हळू. प्रत्येक वस्तूला बोट लावून झालं की रुमालाला बोट पुसायचे. एव्हरार्ट स्लोटेन.

हिले बिअरचा तांब्या घेऊन दारात आली होती. नाव कानावर पडलं आणि ती तिथेच थांबली.

स्लोटेन सांगत होते काय काय हवं ते. लिंबू अर्धं सोललेलं हवं, साल खाली लोंबणारी. वरून सोनं आणि आत आंबट, हे लोकांना कळतं. घड्याळाचं झाकण उघडं हवं. एक पेला आडवा पडलेला. पाव अर्धा तोडलेला. घरी येणाऱ्या प्रत्येकाला चित्र बघून वाटलं पाहिजे की या माणसाला हे सगळं धुळीसमान आहे.

"आणि शेवंड?" यूस्तने विचारलं.

"शेवंड मोठी दाखवा," स्लोटेन म्हणाले.

यूस्तने फळीवर खडूने रेघा मारून दाखवल्या. स्लोटेनांनी मान हलवली, मग वाकून एका रेघेवर बोट ठेवलं. "ही मूठ बाहेर का?"

"बघणाऱ्याला आत बोलावते, मालक. चित्र पुढे येतं."

"कुणाला बोलावते?"

"समोर जो उभा असेल त्याला."

"मग नको." स्लोटेनांनी बोट पुसलं. "माझ्या टेबलावर कोण बसणार ते मी ठरवतो, चितारी. मूठ आत घ्या."

यूस्तने ओल्या चिंधीने रेघ पुसली आणि मूठ आत वळवली. हिलेने तांब्या जमिनीवर ठेवला, टेबलावर ठेवला नाही, आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

ते गेल्यावर तिने विचारलं, नाव ऐकून तुला काही आठवलं का. यूस्तला आठवलं होतं. तो रंग घोटायचा दगड उगाचच पुसत राहिला. "सहा वर्षं झाली, हिले. त्या माणसाला लुबर्टचं नावही माहीत नसेल."

"तेच तर म्हणतेय मी."

"मग काय, पेटी कालव्यात टाकू? वर्षभराचं काम आहे."

हिलेने पिठाची परात ओढली. राग आला की ती पीठ मळायची, आणि त्या दिवशी तिने तिघांच्या घरात नऊ जणांचं पीठ मळलं.

३

घरात मोठं टेबल एकच होतं, पुढच्या खोलीत, उत्तरेच्या खिडकीखाली. रोजची जेवणं त्याच्यावरच व्हायची आणि नवसाची थाळीही त्याच्यावरच असायची. आता त्यावर स्लोटेनांची मांडणी झाली. चिताऱ्याच्या घरात एकदा मांडणी झाली की चित्र पुरं होईपर्यंत तिला कुणी बोट लावायचं नाही. सालीचं टोक इकडचं तिकडे झालं तरी आठवड्याचं काम वाया जातं. सात आठवडे लागणार होते. घरची जेवणं स्वयंपाकघरातल्या फळीवर आली. त्या फळीवर तीन वाडगे कसेबसे मावायचे.

"माझी थाळी?" हिलेने विचारलं.

यूस्तने मांडणीकडे हात केला. तिथे थाळी होती, त्यांच्याच घरची. पाव होता, सुरी होती. "टेबल तेच, थाळी तीच. सात आठवडे हीच तुझी जागा समज. माउलीला काय कमी दिसतं?"

हिलेने मान डोलावली. पुढे कित्येक वर्षं ती या मान डोलावण्यावरून स्वतःवरच चिडत राहिली. त्या थाळीतला पाव कुणाला द्यायचा नव्हता. तो दिसण्यापुरता होता. आणि मूठ आत होती.

शेवंड आधी रंगवून झाली, कारण ती आधी नासते. मग लिंबू. तिसऱ्या आठवड्यात हिलेच्या लक्षात आलं की नीसे बाकाच्या अगदी टोकाला बसून जेवते, एक मांडी हवेत.

"नीट बस की. पडशील."

"जागा नाही," नीसे म्हणाली.

"अख्खा बाक रिकामा आहे."

नीसेने शेजारी बघितलं, मग आईकडे, आणि ताक पीत राहिली. हिलेला वाटलं, खेळ असेल. पोरांच्या मनात कोणकोण येऊन बसतं. पण नीसे अर्धा पाव खाई आणि अर्धा शेजारी बाकावर ठेवून उठे. जेवण आवरताना हिले बघे, तो अर्धा तिथेच असे, आणि त्यावर कुणाच्या दातांची खूण नसे. तरी नीसेचे गाल बसत चालले. हिलेने स्वतःला समजावलं: दुधाचे दात पडतायत. जंत असतील. शेजारणीने सांगितलेला कडू पाला तिने पोरीला तीन दिवस दिला.

चौथ्या दिवशी नीसेने पाव उचलला तो दोन्ही मनगटांत धरून. बोटं वाकडी, वर आलेली, कशालाही न लागणारी. तशीच मान खाली घालून तिने कडेचा एक ओरखडा काढला.

हिलेच्या हातातली पळी ताटात पडली. "असं का धरतेस?"

"त्याला असंच येतं," नीसे म्हणाली. "त्याच्या जागेवर बसू देत नाहीत ना, म्हणून तो माझ्या जागेवर बसतो."

लुबर्ट गेला तेव्हा नीसे पाळण्यात होती. त्याच्या खिशातल्या त्या पावाबद्दल हिलेने कधी कुणाजवळ अवाक्षर काढलं नव्हतं. यूस्तजवळही नाही.

४

"सुरीला कोण हात लावतं?" यूस्तने एका सकाळी विचारलं.

मांडणीतली मूठ काठाबाहेर आली होती. चार बोटं. यूस्तने ती आत वळवली आणि टेबलाच्या कापडावर पात्याच्या दोन्ही बाजूंना खडूची बारीक खूण केली. दुसऱ्या सकाळी खुणा होत्या तिथेच होत्या आणि मूठ बाहेर होती. तो हिलेवर ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो हळू आवाजात म्हणाला की तुझा राग मला समजतो, पण माझ्या कामात तो आणू नकोस.

"मी हात लावलेला नाही."

"मग मांजराने लावला."

"मांजर असतं तर आधी शेवंड गेली असती," हिले म्हणाली.

यूस्तला हसू आलं आणि लगेच गेलं. खिडकीखालून दगडी रस्त्यावर गाड्या जातात, टेबल थरथरतं, असं तो स्वतःशीच म्हणाला. ते खरंही होतं. पण गाड्यांच्या थरथराटाने सुरी उलट फिरत नाही, हे दोघांनाही कळत होतं.

त्या दिवशी ती तिघं स्वयंपाकघरात जेवत होती. बाहेर लख्ख ऊन होतं. गल्लीत कुणी हेरिंग मासे विकत होतं. पुढच्या खोलीतून आवाज आला: कथलावर पातं घासल्याचा, बारीक, लांब. मग थांबला. मग पुन्हा. कुणीतरी फार वेळ प्रयत्न करून एक तुकडा कापतंय आणि हात पुरत नाही, तसा. यूस्त आणि हिले एकमेकांकडे न बघता ऐकत राहिली. नीसेने त्या वेळात आपला पाव भराभरा, दोन्ही हातांच्या बोटांनी खाऊन टाकला. जणू तेवढ्यापुरती जागा रिकामी झाली होती.

यूस्त उठून गेला. खोलीत कुणी नव्हतं. मूठ बाहेर होती. त्याने ती आत वळवली. हिलेने स्वयंपाकघरातून बघितलं, मूठ आत वळल्याबरोबर नीसे बाकावर टोकाकडे सरकली. वडिलांनी काय केलं ते तिला तिथून दिसत नव्हतं.

आता चित्राच्या फळीवरही काहीतरी होऊ लागलं. चिताऱ्यांच्या भाषेत पहिल्या थराला मेला रंग म्हणतात: करडा, तपकिरी, नुसते आकार. त्याच्यावर मग जिवंत रंग चढवायचे. यूस्तने मेल्या रंगातच मूठ आत घेतली होती. पण वरचा रंग सुकला तसा काठाबाहेर एक करडा आकार उमटून आला. चार बोटं. त्याने पात्याने खरवडला. कापडाचा पांढरा रंग दोन हात देऊन चढवला. तीन दिवसांनी आकार होता तिथेच. जवसाचं तेल जुनं असेल, असं तो म्हणाला. तेल दहा दिवसांपूर्वीचं होतं. ते हिलेनेच आणलं होतं.

५

सातव्या आठवड्यात नीसे अंथरुणातून उठेना. वैद्य येऊन गेला, जीभ बघितली, जंत म्हणाला, आणि जाताना पुढच्या खोलीतली मांडणी बघून थबकला. केवढं ऐश्वर्य, म्हणाला. हिलेने दार लावून घेतलं.

यूस्त नदीकडे गेला होता. हिले पुढच्या खोलीत आली. मांडणीवरची धूळ पिसाने झाडायचं काम तिचंच होतं, तेवढीच तिला परवानगी होती. सुरईच्या पोटात खिडकी दिसत होती, वाकलेली, चार तावदानांची. यूस्तने ती तशीच्या तशी रंगवली होती. तिने पावावरून पीस फिरवलं आणि पाव हलला. दीड महिन्याचा पाव दगडासारखा जड हवा. हा हलका होता.

तिने तो उचलला. खालून तो पोकळ होता. आतला सगळा गर गेलेला, नुसतं कवच उरलेलं, आणि थाळीत एक कणही सांडलेला नव्हता. उंदीर म्हणावं तर कुरतडल्याची खूण नव्हती. आतून कवच चिकट होतं. मूठही चिकट होती. तिने बोट नाकाशी नेलं. जळक्या साखरेचा वास आला. निळ्या कागदातला सुळका तर अजून उघडलेलाही नव्हता.

तिला भीती वाटायला हवी होती. आला तो संताप. सहा वर्षं तो रोज यायचा, रोज त्याचं मिळायचं, रोज त्याच्या नावाने कुणीतरी खाऊन जायचं. आणि आता ज्याने त्याला दारातून काढलं त्याच्याच वस्तू मांडायच्या म्हणून तिने स्वतःच्या हाताने त्याला जागेवरून उठवलं होतं. दिसण्यापुरत्या पावावर बसवलं होतं. मग तो बसणार कुठे? जिच्यासाठी हिले नवस बोलली होती, तिच्याच शेजारी.

"लुबर्ट," ती रिकाम्या खोलीला म्हणाली, "पोरीचं खाऊ नकोस रे. माझ्यावर रागव. माझं खा."

खोलीत काही हललं नाही. नुसती एक खुर्ची, जुनं लाकूड उन्हाने तडकावं तशी, एकदा वाजली.

यूस्त परतला तेव्हा तिने पाव त्याच्यापुढे धरला. त्याने आत बोट घातलं, वास घेतला, आणि त्याचा चेहरा उतरला. पण मालक उद्या येणार होते. उद्या चित्र बघतील, परवा नेतील, मग टेबल तुझं, असं तो म्हणाला. एक दिवस, हिले.

"तिला बघ जाऊन, आणि मग सांग मला एक दिवस."

तो माडीवर गेला आणि बराच वेळ खाली आला नाही.

६

स्लोटेन सकाळच्या नावेने आले. चित्र तिवईवर होतं. ते पुढे झाले, मागे झाले, मान तिरकी केली. खूश होते. सालीवर बोट नेत म्हणाले, हा गोडवा वरवरचा. आडव्या पेल्यावर नेत म्हणाले, हा आपला अंत. घड्याळाशी थांबून त्यांनी उसासा सोडला. "लोक म्हणतील, स्लोटेनला घमेंड नाही."

हिले दारात उभी होती. माडीवर नीसे होती, आणि ती आज पाणीसुद्धा मनगटांत धरून प्यायली होती.

"मालक," हिले म्हणाली, "मूठ बाहेर वळवायची परवानगी द्या. चित्रातली आणि टेबलावरची. माझा नवस आहे, आणि माझ्या पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे."

स्लोटेनांनी यूस्तकडे बघितलं. यूस्त बघत होता जमिनीकडे. मग हळूच म्हणाला, "मलाही तसंच वाटतं, मालक."

"तुमच्या कारखान्यात माझा भाऊ होता," हिले म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "लुबर्ट. कढईवर. साथीच्या सालात त्याचे हात गेले. तुम्ही त्याला दारातून घालवून दिलंत. त्याने मरण विकत घेऊन भिंतीवर नाही टांगलं, मालक. त्याला ते तुमच्याकडे फुकट मिळालं."

स्लोटेन खरोखरच आठवायचा प्रयत्न करत होते. तेच तिला सहन झालं नाही. "चाळीस माणसं असतात माझ्याकडे, बाई," ते शांतपणे म्हणाले. "वर्षाला चार-दोन भाजतात. कुणालाही मी रिकाम्या हाताने पाठवत नाही. पाव दिला असेल ना सोबत?"

"दिला होतात."

"मग?"

मग हिले टेबलाशी गेली आणि मांडणीत हात घालून तिने सुरी फिरवली. मूठ बाहेर. यूस्तने तिला अडवलं नाही.

स्लोटेन चिडले नाहीत. हसले. पोराने हट्ट करावा आणि आपण पुरवावा, तसं. "मूठ पाहुण्याकडे, असं का? ठीक. वस्तू माझ्या, टेबल माझ्या वस्तूंचं. पाहुणा मीच. फेडा तुमचा नवस." त्यांनी खुर्ची ओढली आणि त्या जागेवर बसले.

खुर्चीने आवाज केला नाही. आवाज आला बाकाचा. लांब बाकावर दाटीने बसलेल्यांनी एकाला वाट द्यावी म्हणून सरकावं, तसा. त्या खोलीत बाक नव्हता.

स्लोटेनांनी पाव उचलला. तो त्यांच्या बोटांत फुटला, कवचासारखा, आणि ते आत बघत राहिले.

तेव्हा हिलेची नजर सुरईवर गेली. चांदीच्या पोटात तीच वाकलेली खिडकी होती. खिडकीखाली स्लोटेन, बोटभर. त्यांच्या शेजारी कोपराला कोपर लावून माणसं बसलेली. त्यांच्या पलीकडे आणखी. सुरईच्या गोलाईवरून ती रांग वळून पलीकडे गेली होती आणि कुठे संपत होती ते दिसत नव्हतं. सगळ्यांनी मनगटं टेबलावर ठेवलेली. कुणी खात नव्हतं. सगळ्यांची तोंडं मधल्या स्लोटेनांकडे वळलेली. एकजण मात्र उभा होता. नुकताच उठलेला, आपली जागा कुणालातरी देऊन. त्याची खांद्यांची ठेवण तिला ओळखीची होती. तिने डोळे मिटले. उघडले तेव्हा सुरईत खिडकी होती, स्लोटेन होते, आणि ती स्वतः होती.

स्लोटेन उठले. त्यांचा चेहरा पूर्वीसारखाच होता, फक्त ते काहीतरी ऐकत असल्यासारखे दिसत होते. चित्र पाठवून द्या, ते म्हणाले. मूठ कशी, ते बोलले नाहीत. दाराशी खुंटीवर त्यांची हॅट होती. त्यांनी हात वर केले, आणि हॅट खाली घेतली ती दोन्ही मनगटांत धरून.

तसेच ते नावेकडे गेले. हिले खिडकीतून बघत होती. पुलावर वारा होता, हॅट दोनदा पडली, आणि दोन्ही वेळा ते वाकून मनगटांनी ती धरायला बघत होते. दुसऱ्या वेळी एका नावाड्याने ती त्यांच्या डोक्यावर ठेवली.

७

"आई," माडीवरून हाक आली, "पाव आहे?"

हिले धावली. नीसे अंथरुणाच्या अगदी मध्ये बसली होती, हातपाय पसरून. तिने आईच्या हातातला पाव पाची बोटांनी ओढून घेतला आणि असा खाल्ला की ठसका लागला.

यूस्तने तीन दिवस लावले. काठाबाहेरचा पांढरा रंग खरवडला तसा खालचा करडा आकार वर आला, जागेवरच, बरोबर मापाचा. त्याला फक्त त्यावर जिवंत रंग चढवायचा होता. आयुष्यात त्याने रंगवलेली ती सर्वांत चांगली मूठ. चित्र नावेने गेलं, वस्तू गेल्या, आणि अ‍ॅमस्टरडॅमहून तक्रार आली नाही.

नावाडी कधीमधी बातम्या आणायचे. स्लोटेनांचे हात धडधाकट आहेत, वैद्यांनी टाचणी टोचून बघितली, पण जेवताना त्यांना भरवावं लागतं. त्यांच्या बायकोने जेवणाचं टेबल वाढवून घेतलंय. पाहुणे फारसे येत नाहीत तरी थाळ्या पुष्कळ मांडायला लावते, आणि मालक जेवताना सगळा वेळ शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून मान हलवत असतात. हो हो, म्हणत असतात. याहून जास्त कुणाला ठाऊक नाही, आणि हिलेने कधी विचारलं नाही.

तिचा राग गेला, असं कुणी म्हणालं तर ते खोटं होतं. लुबर्ट परत आला नव्हता. चाळीस माणसं त्या कढयांवर अजून उभी होती. पण संध्याकाळच्या प्रार्थनेत ती शेवटी एक नाव हळूच घाली, दात आवळून का होईना, आणि ते नाव स्लोटेनांचं होतं. त्या बाकावरून एक दिवस त्यांनाही कुणी उठू देईल, अशी तिला आशा होती. आणि रोज दुपारी उत्तरेच्या खिडकीखाली ती थाळी मांडे. ताजा पाव. शेजारी सुरी.

म्हणून बायांनो, ही गोष्ट ऐकलीत तर एवढं करा. तुमच्या घरात जिथे जेवता तिथे, तुमच्या पंगतीत, एक जागा मांडा. टेबल नसेल तर पाट मांडा, सुरी नसेल तर पळीचा दांडा दाराकडे वळवा. राग आला असेल तर रागाने मांडा, चालतं. फक्त दिसण्यापुरतं काही ठेवू नका. त्यातलं कुणाच्या तरी पोटात जाऊ द्या. आणि आपल्या लेकराला नीट बाकाच्या मधोमध बसवा. मग जेवताना जवळ एखादं लखलखीत भांडं असेल, तर त्यात बघू नका. तो आलाय, एवढं पुरे. त्याला जेवू द्या.